पूर्वेच्या दारातील खोळंबा

सार्क राष्ट्रांमधील मुक्त व्यापाराचा ‘साफ्टा’ करार १ जानेवारी २००६ रोजी अमलात आला. त्यानंतर दोन दशके उलटली, तरी दक्षिण आशियातील देशांचा आपापसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो आहे. ‘आसियान’ देशांत हेच प्रमाण वीस टक्क्यांहून अधिक आहे.

या अपयशाचे खापर पाकिस्तानच्या माथी फोडले जाते आणि बऱ्याच अंशी ते न्याय्यही आहे. भारताने १९९६ मध्ये दिलेल्या ‘सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र’ या दर्जाची परतफेड त्या देशाने कधीच केली नाही. २०१४ च्या काठमांडू परिषदेत वाहनांच्या सीमापार वाहतुकीचा करारही त्यानेच अडवला. उरी, पुलवामा आणि २०२५ मधील पहलगामनंतर तर प्रश्नच मिटला. रक्त सांडणाऱ्यांशी कसला आला आहे व्यापार? तथापि पश्चिमेचे दार बंद असताना पूर्वेच्या दारात काय घडत आहे, याचा हिशेब कोणीतरी मागितला पाहिजे.

बंगालमधील पेट्रापोल हा बांगलादेशाशी होणाऱ्या व्यापाराचा सर्वांत मोठा सीमानाका. जागतिक बँकेच्या २०२१ मधील अहवालानुसार तेथे मालाला सीमा ओलांडण्यास १३८ तास लागत. त्यांपैकी २८ तास एका ट्रकमधील माल दुसऱ्यात भरण्यातच जात. पूर्व आफ्रिकेत तेवढ्याच वर्दळीच्या नाक्यांवर हे काम सहा तासांच्या आत उरकते! आगरतळ्याहून कोलकाता बांगलादेशमार्गे सुमारे ४५० किलोमीटर, तर सिलिगुडीचा वळसा घातल्यास सुमारे १,६००. ईशान्य भारताच्या एकात्मतेची चिंता वाहणाऱ्यांना हा वळसा खुपलाच पाहिजे.

ढाक्याने पारगमनाचा मार्ग देण्यास दीर्घकाळ टाळाटाळ केली, हे खरे. परंतु सारा आडमुठेपणा सीमेपलीकडचाच आहे, असेही नव्हे. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ असे तीनदा दिल्लीने कांद्याची निर्यात अकस्मात रोखली. बांगलादेश हा आपल्या कांद्याचा मोठा गिऱ्हाईक. तिकडे भाव भडकले, इकडे लासलगावात कोसळले. २०१९ मध्ये त्या देशाने इजिप्त, तुर्कस्तान आणि चक्क पाकिस्तानातून कांदा मागवला! ज्या पाकिस्तानला आपण व्यापारातून वगळू पाहतो, त्याच्यासाठी ढाक्याची बाजारपेठ आपणच मोकळी करून द्यावी, याला कोणते धोरण म्हणावे?

शहरी ग्राहकाच्या हितासाठी निर्यातबंदी लादायचीच असेल, तर निदान सौदा झालेला आणि वाटेत असलेला माल तरी तीतून वगळावा. सप्टेंबर २०२० मध्ये सीमेवर खोळंबलेल्या ट्रकांत जो कांदा सडला, तो आपल्याच शेतातला होता.