केमो शहरात, ताप गावात! ब्लड कॅन्सरच्या रुग्णाला खरा धोका घरी आल्यावर

ब्लड कॅन्सरची केमो मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलात नाहीतर जवळच्या मोठ्या शहरात होते. बऱ्याच रुग्णांना डोस झाला की घरी सोडतात. घरच्यांना वाटतं, सुटलो. पण जोखीम इथूनच वाढते.

केमोचं औषध कॅन्सरसोबत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मारतं. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात त्या सगळ्यात कमी होतात. त्यातल्या न्यूट्रोफिल पेशी ५०० च्या खाली गेल्या की शरीर म्हणजे कुंपण नसलेलं रान. नेमका तेव्हाच रुग्ण गावात असतो.

अशा रुग्णाला पू, सूज फारशी दिसत नाही. अनेकदा ताप हीच एक खूण. १००.४ फॅरनहाइट ताप टिकून राहिला किंवा थंडी वाजली, तर रात्रीचे दोन वाजले तरी निघायचं. गावात होतं उलटंच. तापाची गोळी देतात, 'सकाळी बघू' म्हणतात. गोळीने ताप उतरतो, जंतू वाढतच राहतात. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. कमरेत इंजेक्शन मात्र ठोकून घेऊ नये. प्लेटलेट कमी असतील तर आत रक्त साकळतं.

घरची काळजी साधीच आहे. साबणाने हात धुणं, रोज अंघोळ, मऊ ब्रश, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. पाणी उकळलेलं, जेवण ताजं नि गरम. कच्चं दूध, उघड्यावरचा प्रसाद नको. शेण, बुरशी लागलेला कडबा, मळणीची धूळ यांपासून लांब. भेटायला येणाऱ्यांची माया खरी, पण सर्दी-खोकल्यावाल्याने फोनवरच विचारपूस करावी.

सगळा दोष घरच्यांवर टाकून चालणार नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार होतात, पण मध्यरात्री शंभर किलोमीटर गाठायचं कोडं सुटत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात रात्रीही रक्ततपासणी व्हावी, मोठ्या डॉक्टरांना फोनवर विचारून अँटिबायोटिकचा पहिला डोस मिळावा नि १०८ ने पुढे पाठवावं. सुट्टी देताना मराठीत कागद आणि रात्री उचलला जाणारा नंबर द्यावा.

ते होईल तेव्हा होईल. तोवर घरात थर्मामीटर हवा. गाडी कोणाची, सोबत कोण, फोन कुणाला, हे ताप यायच्या आधीच ठरलेलं हवं.