फवारा कुणाच्या अंगावर?

यंदा चकली कुठल्या तेलात तळणार, हे संपादकाने विचारणे जरा अगाऊपणाचेच. पण दिवाळी अंकाचा विषय ‘आपले ताट’ ठरला आणि बैठकीत सर्वाधिक खडाजंगी सेंद्रिय मालावरून झाली. डोंबिवलीत असे दुकान आता शोधावे लागत नाही. पाटीवर ‘सेंद्रिय, नैसर्गिक, देशी, विषमुक्त, लाकडी घाण्याचे’ असे एका दमात लिहिलेले असते. घाणा लाकडी असला म्हणून शेंगदाणा सेंद्रिय होत नाही, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. गिऱ्हाईकही विचारत नाही.

शाकाहारी माणूस सेंद्रियाकडे वळतो तो बहुधा स्वतःच्या पोटाच्या काळजीने. त्यात गैर काही नाही. पण शाकाहाराचे कारण सांगताना आपण अहिंसेचेही नाव घेतो. ते घेतले की हिशेब ताटापाशी थांबत नाही, शेतापर्यंत न्यावा लागतो.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी डोक्याच्या वर वाढली होती. पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्यांच्या तोंडावर, डोळ्यांवर औषध उडत राहिले. शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावले. कापूस कोण खातो, असे कुणी म्हणेल. आपण खातो. सरकीचे तेल फरसाणाच्या कढईत असते, सरकीची पेंड गोठ्यात जाते आणि दुधाच्या वाटेने आपल्या श्रीखंडात येते. त्यातून देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेला, आणि असे बियाणे सेंद्रिय प्रमाणीकरणात चालत नाही. म्हणजे सेंद्रिय सरकी तेल शोधायला निघालात तर पायपीटच व्हायची.

माल एकाचा आणि त्याची झळ दुसऱ्याला, हे डोंबिवलीकराला वेगळे समजावून सांगायला नको. २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. प्रोबेस या रासायनिक कारखान्यातला स्फोट २६ मे २०१६ चा, अमुदान या दुसऱ्या कारखान्यातला २३ मे २०२४ चा. माल वापरणारे कुठे तरी दूर, कामगार इथे मेले आणि आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. कपाशीच्या बाबतीत ते दूर राहणारे गिऱ्हाईक आपण आहोत, एवढाच फरक.

सेंद्रिय महाग का, याचेही उत्तर शेतातच आहे. तणनाशक नाही म्हटल्यावर खुरपणीला माणसे लागतात. रासायनिक शेती सोडल्यावर हंगामी पिकांना सेंद्रिय म्हणवून घ्यायला साधारण दोन वर्षे जातात. त्या काळात उतारा घटतो आणि भाव मात्र साधाच मिळतो. निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क यांची फवारणी सेंद्रिय शेतातही होतेच, पण ती करणाऱ्याला दवाखाना गाठावा लागत नाही. पाकिटावर सेंद्रिय प्रमाणीकरणाचे चिन्ह पाहावे. सुट्या मालाच्या बाबतीत शेतकऱ्यांचा गट कोणता, हे विचारावे. पीजीएस, म्हणजे सहभागी हमी पद्धतीत गटातले शेतकरीच एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात. आणि रुळांकाठची, नाल्याच्या पाण्यावरची पालक-माठाची जुडी? तिच्यावर एक थेंब औषध पडले नसले, तरी तिला सेंद्रिय म्हणायची हिंमत आमची नाही.

पावसाळ्यात मुरबाड-शहापूरच्या आदिवासी बाया टाकळा, कुरडू, शेवळे, कंटोळी घेऊन येतात. त्या रानभाजीला खत नाही, फवारणी नाही, शिक्काही नाही. दुकानातल्या पाकिटाला मागेल ती किंमत देणारे आपण तिथे मात्र जुडीमागे पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. ही सवय आधी सुटावी, सेंद्रिय गव्हाचे मग बघू. महिन्याचा सगळा किराणा बदलणे बहुतेक घरांना परवडणारे नाही, आणि तसा आग्रह आम्ही धरतही नाही. आमच्या मते सुरुवात तेलापासून करावी. एक पदार्थ बदलायचा, आणि तोही दिवाळीत सगळ्यात जास्त लागणारा.

ता. क. : या अंकाच्या जाहिरातदारांत फरसाणवाले बरेच आहेत. त्यांनाही दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. पुढच्या वर्षी त्यांनी पाठ फिरवली, तर अंक थोडा बारीक निघेल.