गाय ग्राहक नसते!

पद : संशोधन सहायक, डेटा सायन्स. ठिकाण : विद्यापीठ. कामाचं स्वरूप : दुधाळ गायी बऱ्या आहेत का, हे आकड्यांतून शोधणं.

अशी जाहिरात आपल्या कॉलेजच्या प्लेसमेंट ग्रुपवर पडली तर काय होईल? आधी हसण्याचे दहा-बारा इमोजी. मग कुणीतरी विचारणार, ‘शेण पण काढायचंय का?’ आणि शेवटी तो खरा प्रश्न : ‘पॅकेज किती?’ डेटा सायन्स शिकून पुढे काय करायचं, याची आपल्या डोक्यातली यादी पक्की आहे. बँक, ई-कॉमर्स, फूड डिलिव्हरी, एखादं ओटीटी. गोठा या यादीत नाही. पण ब्रिटन, नेदरलँड्स, कॅनडा, अमेरिका इथल्या विद्यापीठांमध्ये अशी कामं खरंच चालतात. संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग शिकलेली मुलंमुली तिथे पशुवैद्यकांच्या शेजारी बसून गायींच्या चालण्या-बसण्याचा अभ्यास करतात. हे काम हसण्यावारी नेण्यासारखं मुळीच नाही. आणि ते कंपनीत नव्हे, विद्यापीठातच व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. का, ते सांगते.

आधी काम काय असतं ते बघू. गाय दिवसातले साधारण दहा ते बारा तास बसून किंवा आडवी होऊन काढते आणि सात-आठ तास रवंथ करते. म्हणजे तिच्याही दिवसाचं टाइमटेबल असतं. ते बिघडलं की काहीतरी बिनसलंय. गळ्यातल्या पट्ट्यात किंवा पायाला बांधलेल्या सेन्सरमधून हे मोजता येतं. आपला मोबाइल आपली पावलं मोजतो, तसंच. शिवाय गोठ्यात कॅमेरे असतात, दूध काढणाऱ्या यंत्रातून प्रत्येक वेळचा आकडा येतो. या सगळ्या ढिगातून ‘ही गाय दोन दिवसांत लंगडायला लागेल’ किंवा ‘हिला कळपातल्या बाकीच्या गायी गव्हाणीजवळ येऊ देत नाहीत’ असं काही शोधून काढायचं, हे त्या संशोधकाचं काम.

यासाठी एवढा खटाटोप कशाला, मालकाला दिसत नाही का? नाही दिसत, आणि याला पुरावा आहे. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या ५३ डेअरी फार्मची पाहणी केली होती. २००३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांना विचारलं, तुमच्या किती गायी लंगडतात? सरासरी उत्तर आलं, शंभरात सहाच्या आत. प्रशिक्षित माणसांनी एकेक गाय चालवून पाहिली, तेव्हा आकडा निघाला शंभरात २२. जवळपास चौपट! हे शेतकरी खोटं बोलत नव्हते. रोज बघून बघून डोळ्याला सवय होते. त्यात गाय हा मुळात शिकार होणारा प्राणी. दुखणं दाखवायचं नाही, हे तिच्या रक्तातच आहे. खुराला जखम झाली तरी ती जमेल तेवढं सरळ चालत राहते.

आता डेटा सायन्सवाल्या मित्रमैत्रिणींनी जरा कान टवकारावेत. समजा शंभर गायींपैकी २२ लंगड्या आहेत. मी एक मॉडेल बनवलं, जे प्रत्येक गायीबद्दल एकच उत्तर देतं : ‘ठीक आहे.’ त्याची अचूकता किती? ७८ टक्के. प्रेझेंटेशनमध्ये झकास दिसेल, आणि एकाही लंगड्या गायीला त्याचा काडीचा उपयोग नसेल. परीक्षेत आपण ही गोष्ट दोन मार्कांच्या व्याख्येत लिहून मोकळे होतो. गोठ्यात तिचा अर्थ २२ दुखरे पाय असा होतो. उलट बाजूनेही गंमत आहे. मॉडेल फारच घाबरट केलं तर ते रोज तीस गायींच्या नावाने अलार्म वाजवेल आणि चौथ्या दिवशी शेतकरी ॲपचं नोटिफिकेशन बंद करून टाकेल.

त्याहून अवघड भाग पुढेच आहे. मॉडेलला शिकवायला आधी कुणीतरी माणसानेच सांगावं लागतं, ही लंगडी, ही चांगली. गायीच्या चालीला एक ते पाच गुण द्यायची पद्धत आहे. पण दोन जाणकार माणसं एकाच गायीला दोन आणि तीन असे वेगळे गुण देऊ शकतात. मग खरं कुणाचं? पायाचं निदान निदान तपासता तरी येतं. भीतीचं काय? कंटाळ्याचं काय? १९६४ मध्ये रूथ हॅरिसन यांचं ‘ॲनिमल मशीन्स’ हे पुस्तक आलं आणि ब्रिटनमध्ये कोंडून केलेल्या पशुपालनावर गदारोळ उठला. सरकारने ब्रॅम्बेल समिती नेमली, १९६५ मध्ये तिचा अहवाल आला आणि त्यातून पुढे प्राण्यांची ‘पाच स्वातंत्र्यं’ मांडली गेली. भूक-तहानेपासून मुक्ती, गैरसोयीपासून मुक्ती, वेदना आणि आजारापासून मुक्ती, नैसर्गिक वागणूक करायची मोकळीक आणि भीतीपासून मुक्ती. सेन्सरच्या तक्त्यात आजार चटकन बसतो. भीतीसाठी रकाना कसा करायचा, हे अजूनही संशोधनाचंच काम आहे.

इथेच माझा मुद्दा येतो. रकाने कोण ठरवतं? जो पैसे देतो तो. गायीच्या हालचाली मोजणारी उपकरणं बाजारात चालली ती मुख्यतः माज ओळखण्यासाठी. कारण गायीचा एक माज चुकला की पुढचं वेत लांबतं, आणि भाकड दिवसांचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर येतो. यात चूक काहीच नाही. शेतकऱ्याने धंदा करू नये असं कुणी म्हणत नाही. पण कंपनी ग्राहकाच्या प्रश्नाचं उत्तर शोधते आणि गाय ग्राहक नसते. ती सबस्क्रिप्शन घेत नाही, ॲपला एक स्टार देऊन राग काढत नाही. ‘दूध वाढेल का?’ हा प्रश्न विचारायला हजार जण आहेत. ‘दूध तेवढंच राहिलं तरी तिचं दुखणं कमी होईल का?’ हा प्रश्न विचारायला कुणीतरी पगार घेऊन बसलेलं असावं लागतं. ती खुर्ची विद्यापीठातच असू शकते.

दूध भरपूर म्हणजे गाय सुखी, असं एक सोपं समीकरण आपण मनात धरलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. आजारी गाय दूध कमी देते हे बरोबर, पण भरपूर दूध देणारी गाय त्रासात नसतेच असं नाही. उन्हाचंच घ्या. तापमान आणि आर्द्रता एकत्र करून टीएचआय नावाचा निर्देशांक काढतात. तो ७२ च्या वर गेला की दुधाळ गायीला ताण येतो, असं पूर्वी मानत. जास्त दूध देणाऱ्या गायींच्या बाबतीत नंतरच्या अभ्यासांनी ही रेष ६८ वर आणली. ६८ म्हणजे किती? हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर साधारण २२ अंश सेल्सिअस. म्हणजे आपल्याला ‘काय मस्त हवा पडलीय’ असं वाटतं, तेव्हा होल्स्टिन गाय धापा टाकायच्या बेतात असते. मग आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली बांधलेल्या संकरित गायीचं काय होत असेल?

आता आपल्याकडे या. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात १९ कोटी २५ लाख गायी-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी-रेडे आहेत. दूध उत्पादनात आपण जगात पहिले, २०२३-२४ मध्ये जवळपास २३ कोटी ९३ लाख टन. जनावरांच्या कानातला तो पिवळा बिल्ला तुम्ही पाहिला असेल. त्यावर बारा अंकी क्रमांक असतो, त्यालाच पशुआधार म्हणतात. त्या क्रमांकावर पैदास, लसीकरण, उपचार यांच्या नोंदी होतात. म्हणजे डेटाची आपल्याला ॲलर्जी नाही. भिलवडीच्या चितळे डेअरीने जनावरांच्या कानात आरएफआयडी टॅग लावून नोंदी ठेवायला सुरुवात केली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

मग तिकडची मॉडेलं आणून इकडे बसवली की झालं? तसं होत नाही. ब्रिस्टलच्याच संशोधकांनी होल्स्टिन-फ्रीजियन गायी अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांवरून ओळखणारी यंत्रणा तयार केली, तिचा डेटासेट सगळ्यांसाठी खुला केला. काम सुंदर आहे. पण आपली म्हैस शिंगापासून शेपटीपर्यंत काळी आणि गीर गाय तांबडी! शिवाय तिकडचा कळप शे-दोनशेचा, गोठ्यात मोकळा फिरणारा. आपल्याकडे दोन-चार जनावरं, बहुतेकदा दाव्याला बांधलेली. बांधलेली गाय दिवसाला किती पावलं चालली, याचा आकडा कुणाबद्दल सांगतो? गायीबद्दल की दाव्याच्या लांबीबद्दल? महाराष्ट्रात गेली काही वर्षं मुक्तसंचार गोठ्याचा प्रसार होतोय. त्यात गायी किती वेळ बसतात, सावलीला कधी जातात, भांडतात किती, हे आपल्याच हवामानात, आपल्याच जातींवर मोजायला हवं. हे काम आपल्यासाठी दुसरं कुणी करून देणार नाही.

माझ्या मामाकडे दोन संकरित गायी आहेत. त्याला हे सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, ‘अगं, दोन गायींना कशाला पट्टा? मी सकाळी गोठ्यात पाय टाकला की कळतं मला. आणि लिटरमागं दर काय मिळतो ते आधी बघ की तुझ्या त्या कॉम्प्युटरमध्ये!’ त्याच्या दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. सेन्सरचा खर्च शेतकऱ्याच्या माथी मारून गायीचं कल्याण होणार नाही. आणखी एक भीती मला वाटते. उद्या हाच डेटा बँकेकडे, विमा कंपनीकडे गेला आणि ‘तुमची गाय जोखमीची आहे’ म्हणून हप्ता वाढला, तर? डेटा कुणाचा, हे आधी लिहून ठेवलं पाहिजे. पण म्हणून मोजूच नये, हे मला पटत नाही. इंग्लंडच्या त्या शेतकऱ्यांनाही आपल्याला कळतंय असंच वाटत होतं.

सुरुवात महागड्या यंत्रांनीच करावी लागते असं नाही. आपल्याकडे मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, अकोला इथे पशुवैद्यकीय शिक्षण मिळतं. संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटर सायन्सचे विभाग तर गावोगावच्या कॉलेजांत आहेत. या दोघांची गाठ पडत नाही, एवढंच. शेवटच्या वर्षाला आपण तोच तो घरांच्या किमतींचा किंवा टायटॅनिकच्या प्रवाशांचा डेटासेट घेऊन प्रोजेक्ट करतो. त्याऐवजी शेजारच्या गोठ्यात परवानगी काढून दहा गायींचे चालतानाचे व्हिडिओ घ्या. एखाद्या पशुवैद्यकाकडून त्यांना गुण देऊन घ्या, दुसऱ्याकडून पुन्हा घ्या आणि दोघांचं कितपत जुळतं ते बघा. मोबाइल पुरतो. विद्यापीठांनी निदान अशा प्रोजेक्टला मार्क द्यावेत, आणि पुढे एखादी पगारी जागाही.

पगार कंपनीइतका मिळणार नाही, हे मान्य. पण आपल्यातल्या कितीतरी जणांची फी याच दुधाच्या पैशातून भरली गेलीय. जिच्या कासेवर एवढं चाललंय, तिचा पाय दुखतोय का, हे विचारायला निदान एक खुर्ची असायला काय हरकत आहे?