काका, माझं नाव परत द्या

काका,

दोनदा तुमच्या घरी येऊन गेलो. पहिल्यांदा तुम्हाला बरं नव्हतं. दुसऱ्यांदा काकी दारातच म्हणाल्या, मुंबईला गेलेत. तुमच्या चपला पायरीवर होत्या. माझ्यामुळे काकींना खोटं बोलावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं. आता सगळ्यांसमोर लिहितो आहे.

कर विभागाच्या नोटिशीचं तुम्हाला सांगायला नको. माझ्याआधी ती तुमच्या अकाउंटंटनं पाहिली होती. फर्म माझ्या नावावर, पण तिचा पासवर्ड माझ्याकडे कधीच नव्हता. खडी-सिमेंटची बिलं फाडली गेली, माल जागचा हललाच नाही, आणि त्या बिलांवरचं टॅक्स क्रेडिट कुणीतरी घेऊन मोकळं झालं. खाली प्रोप्रायटर म्हणून मी. आईचं आणि माझं जॉइंट खातं गोठवलंय. तिच्या औषधांचे पैसे त्यातच होते. हे कळल्यावर तुम्ही एक फोन का नाही केलात?

२०१८ चा मे महिना आठवतो? आटलेल्या बावखलाच्या काठावर आपण उभे होतो. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. तुम्ही म्हणालात, पोरा, फक्त नाव हवंय, बाकी सगळं मी बघतो. मी पॅन दिलं, आधार दिलं, घराचं लाइट बिल दिलं. कोऱ्या चेकबुकाच्या प्रत्येक पानावर सही केली. सिमकार्ड माझ्या नावाचं, पण ओटीपी यायचे तुमच्या ऑफिसात. महिन्याला आठ हजार मिळायचे. ते मी घेत होतो, हे लपवत नाही.

मी विचारलं होतं, काका, यात खोटं काही नाही ना? तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात.

तो हात माझ्या ओळखीचा होता. माझ्या स्नानसंस्काराचा फोटो घरात अजून आहे. पास्काच्या मेणबत्तीवरून पेटवलेली माझी मेणबत्ती तुमच्या हातात आहे. धर्मगुरूंनी आधी आईबाबांना विचारलं, बाळाचं नाव काय? मग तुम्हाला विचारलं, या आईबाबांना त्यांच्या कर्तव्यात मदत करायला तयार आहात का? तुम्ही होय म्हणालात. सैतानाला आणि त्याच्या कामांना सोडता का, या प्रश्नालाही होय म्हणालात. त्या दिवशी मला मिळालेलं नाव आणि तुम्ही दिलेला होकार, या दोन्ही गोष्टी एकाच वेदीसमोर घडल्या. मग त्याच नावावर तुम्ही खोटी बिलं कशी फाडू दिलीत?

तुम्ही म्हणाल, सगळेच करतात. आपल्या माणसांनी आपल्या माणसाला मदत करायची नाही तर कुणी करायची? पण काका, मदत करणारा माणूस संकटात पुढे उभा राहतो. तुम्ही मला पुढे उभं करून मागे गेलात. बेनामी व्यवहारांचा कायदा १९८८ पासून आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर नाव देणारा आणि लाभ घेणारा, दोघांनाही एक ते सात वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते. हे तुम्हाला माहीत नव्हतं? मालकी एकट्याची असली की फर्मचं कर्ज त्याच्या घरादारावर येतं, हेही माहीत नव्हतं? मला माहीत नव्हतं. मी २३ वर्षांचा होतो आणि तुम्ही माझे धर्मपिता होतात, एवढंच मला पुरेसं वाटलं.

रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात तुम्हीच आम्हाला हनन्या आणि सप्पीरेची गोष्ट सांगितली होती. जमीन विकली, काही रक्कम मागे ठेवली, आणि सगळी दिल्याचं भासवलं. आम्ही मुलं हनन्याला घाबरायचो. आता मला रात्री सप्पीरा आठवते. नवरा मरून पडल्यावर सुमारे तीन तासांनी ती आत आली. पेत्रानं तिला वेगळं विचारलं, एवढ्यालाच विकली का? नवऱ्यानं ठरवलं होतं, मी फक्त मान हलवली, असं ती म्हणू शकली असती. ती होय म्हणाली. तिचं उत्तर तिच्या नावावर जमा झालं.

माझ्या प्रत्येक सहीत तसाच एक होय होता. मी मालक आहे, होय. हा धंदा मी चालवतो, होय. डोंगरावरच्या प्रवचनात येशूनं आपल्या होय आणि नाहीबद्दल जे बजावलंय, ते मी तोंडपाठ म्हणायचो, तुम्हीच पाठ करून घेतलं होतं. तरी चेकबुक पुढे आलं तेव्हा पेन थांबलं नाही. त्यासाठी मी पापनिवेदन केलंय. धर्मगुरूंनी एकच विचारलं, भरपाई कशी करणार? घेतलेल्या आठ-आठ हजारांचा हिशोब मी वहीत मांडलाय. सरकारजमा करायचं ठरवलंय, वेळ लागेल. पण त्या बिलांमागचे पैसे मी कुठून आणू? ते माझ्याकडे कधी आलेच नाहीत.

तुम्ही एकदा म्हणाला होतात, सरकारला फसवणं वेगळं, माणसाला फसवणं वेगळं. १९९२ च्या आपल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात, परिच्छेद २४०९ मध्ये, करचुकवेगिरी आणि खोटी बिलं ही दोन्ही सातव्या आज्ञेखालीच येतात. तुमचं पुस्तक माझ्यापेक्षा जुनं आहे, काका. उघडून बघा.

घरातलं भांडण चव्हाट्यावर आणलं म्हणून तुम्ही रागवाल. पण धर्मग्रामातल्या आणखी दोन मुलांकडे तुम्ही कागद मागितलेत, आणि माझं उदाहरण देऊन सांगितलंत, बघा, त्याला काही झालं का? एकाच्या आईनं काल मला रस्त्यात थांबवून विचारलं. मी तिला गोठवलेल्या खात्याचं पत्र दाखवलं.

शुभवर्तमानातला जकातदार जक्कय पैसे परत करायचं म्हणाला तेव्हा त्याला कुणी नोटीस दिलेली नव्हती. तो स्वतः उभा राहिला, चौपट देतो म्हणाला. मी तुमच्याकडे चौपट मागत नाही. त्या अधिकाऱ्यांसमोर उभं राहून एवढंच सांगा, धंदा माझा होता, पोराचं फक्त नाव होतं. त्यानं माझी चूक पुसली जाणार नाही. पण माझं नाव तरी माझ्याकडे परत येईल.

गुरुवारी मला जबाबाला बोलावलंय. जे घडलं ते सगळं सांगणार आहे, माझ्या सह्यांसकट. या पत्रात मी तुमचं नाव लिहिलेलं नाही. तिथल्या कागदावर ते लिहावं लागेल.

बुधवारी रात्री मी घरीच आहे. आई उशिरापर्यंत जागी असते.

तुमचा धर्मपुत्र