सगळ्यात लहान नंबरचा हट्ट

थ्रेडवाला सर्व्हर ६४ कोअरच्या मशीनवर टाकला आणि वेग जागच्या जागीच राहिला, की आपण कर्नलला शिव्या घालून मोकळे होतो. माझं मत थोडं वेगळं आहे. फाइलींच्या बाबतीत तरी बराचसा दोष युनिक्सने फार पूर्वी देऊन ठेवलेल्या एका शब्दाचा आहे.

आधी कर्नलची बाजू. लिनक्समध्ये एका प्रोसेसचे सगळे थ्रेड उघड्या फाइलींचं एकच टेबल वापरतात. पूर्वी साध्या रीडसाठीसुद्धा, नंबरावरून फाइल शोधताना, थ्रेडना त्या टेबलाचं लॉक घ्यावं लागे. २००५ मध्ये २.६.१४ आलं आणि शोधण्यापुरतं ते लॉक गेलं, आरसीयूमुळे. आरसीयू म्हणजे पूर्वी रेल्वेच्या डब्यावर रिझर्वेशन चार्ट चिकटवत, तसं. वाचणारे कितीही येवोत, कोणी कोणाला अडवत नाही. बदल झाला की नवा चार्ट लावायचा, आणि जुना मात्र तो वाचणारे निघून गेल्यावरच फाडायचा. (साधं रीड-लॉक म्हणजे चार्ट बघण्याआधी वहीत सही करा. सगळे नुसते वाचणारे, तरी रांग पेनासाठी!)

मग उरलं काय? ओपन आणि क्लोज. तिथे लॉक अजून आहे, कारण पॉझिक्सचा नियम: नव्या फाइलीला मोकळ्या नंबरांपैकी सगळ्यात लहान नंबरच मिळाला पाहिजे. दोन थ्रेड दोन निराळ्या फाइली उघडताहेत, एकमेकांशी घेणं ना देणं, पण ५ कोणाला आणि ६ कोणाला हे ठरवायला दोघांना एकाच खिडकीवर यावं लागतं. सॉकेटचंही तेच.

नियम वेडगळ नव्हता हं. १ नंबर बंद करायचा, लगेच फाइल उघडायची, की आउटपुट आपोआप त्या फाइलीत. झकास युक्ती! पण डप२ आल्यावर हवा तो नंबर मागून घेता येऊ लागला. नियम तसाच राहिला.

२०१३ मध्ये एमआयटी आणि हार्वर्डच्या मंडळींनी एका पेपरात हेच उदाहरण घेऊन 'कुठलाही नंबर चालेल' असं सांगणारा ओ_एनीएफडी हा फ्लॅग सुचवला. मला तो शंभर टक्के पटतो. हजारो कनेक्शनं घेणाऱ्या सर्व्हरला ७ मिळाला काय नि ७०० मिळाला काय! लिनक्सच्या ओपनमध्ये तो काही आला नाही. आयओ-यूरिंगमध्ये २०२१ च्या ५.१५ पासून प्रोसेसच्या टेबलाबाहेर फाइल उघडता येते, पण त्यासाठी अर्धा प्रोग्राम नव्याने लिहा. नाहीतर थ्रेडांऐवजी चार-आठ प्रोसेस करा, प्रत्येकीचं टेबल निराळं.

मी तरी सध्या हा दुसरा मार्ग धरतो. कष्ट कमी आहेत.