पोर म्हणजे बापाची ट्रंक नव्हे

"ज्याच्या बापाने गोऱ्याचा पासपोर्ट घेतला, त्याच्या पोराने इथे येऊन हक्क मागू नये." हे वाक्य मी तालुक्याच्या कचेरीत ऐकले आहे आणि मशिदीच्या ओट्यावरही. कचेरीतला माणूस ते देशभक्तीच्या थाटात बोलतो, ओट्यावरचा चाचा जरा मत्सराने. वाक्य ठसकेबाज आहे. पण तो पासपोर्ट घेताना त्या पोराला कोणी विचारले होते का, हे ना कचेरी विचारते ना ओटा.

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा ह्या पट्ट्यातल्या कोकणी मुसलमानाला परदेश हौसेचा कधीच नव्हता. शेती थोडी, तीही पावसावर. म्हणून बाप बोटीवर गेला, केपटाऊनला गेला, मोंबासाला गेला, तेलाचा पैसा आल्यावर कुवेत-सौदीला गेला आणि काही थोडे विलायत-अमेरिकेला. आखाताचा हिशेब निराळा आहे. तिथे तीस वर्षे घाम गाळला तरी नागरिकत्व मिळत नाही, त्यामुळे बाप भारतीयच राहतो आणि पोरही. खरा गुंता होतो तो बाप जिथे नागरिक होऊ शकतो तिथे. त्या दिवसापासून एकाच घरातली माणसे निरनिराळ्या देशांची होऊ लागतात.

उदाहरणादाखल एक घर घेऊ. बाप मुरूडचा, नोकरी लंडनला, बायको सासू-सासऱ्यांपाशी मुरूडला. थोरला मुलगा जन्मला तेव्हा बाप भारतीय होता. पुढे बाप ब्रिटिश नागरिक झाला आणि त्यानंतर धाकटा जन्मला. आई तीच, खाटही तीच, सुईणही तीच म्हणा हवे तर. पण ब्रिटनच्या १९८१ च्या कायद्याने धाकटा जन्मतःच ब्रिटिश, कारण तो जन्मला त्या दिवशी बाप नागरिक होता. थोरल्याला मात्र अर्ज करून नोंदणी मागावी लागते. ती द्यायची की नाही हे गृहखात्याच्या मर्जीवर, आणि अठरा वर्षे पूर्ण झाली की तो दरवाजाही बंद. भावाभावांत जमिनीची वाटणी होते हे आपण पाहिले आहे. इथे वाटणी आपण कोण ह्याचीच होते, आणि ती करणारा बापाच्या कागदावरचा एक तारखेचा शिक्का असतो.

वर पैसा. मुलाच्या ह्या नोंदणीसाठी ब्रिटिश सरकार २०१९ साली १०१२ पौंड घेत होते. त्यातला प्रत्यक्ष खर्च ३७२ पौंड, हे सरकारचेच आकडे. बाकीचा नफा मुलांच्या खिशातून. लोक कोर्टात गेले, खालच्या कोर्टांत जिंकलेही. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संसदेनेच सरकारला तसा अधिकार दिला आहे. त्याच वर्षी गरिबांसाठी फी माफीची सोय झाली, एवढाच काय तो दिलासा.

अमेरिकेचे ह्या बाबतीत बरे बोलावे लागेल. तिथे २७ फेब्रुवारी २००१ पासून असा कायदा आहे की बाप किंवा आई नागरिक झाली आणि अठरा वर्षांखालचे मूल ग्रीन कार्डावर त्यांच्याजवळ राहत असेल, तर ते आपोआप नागरिक होते. वेगळा अर्ज नको, सरळ पासपोर्ट मागावा. नागरिकत्वाचा वेगळा दाखला काढायला हजार डॉलरांहून अधिक लागतात, लहान मुलाचा पासपोर्ट दीडशेच्या आत होतो. हे ठाऊक नसल्याने आपली माणसे वकिलांना पैसे मोजत बसतात. पण त्यातही मेख आहे ती 'जवळ राहत असेल' ह्या शब्दांत. मुलाचा ताबा त्या नागरिक झालेल्या बापाकडे हवा. तलाक झाला आणि पोर आईबरोबर माहेरी श्रीवर्धनला राहिले, की ते 'आपोआप' संपले. तलाक देणाऱ्याने पोराचा हा हिशेब केलेला मी तरी पाहिलेला नाही.

हे दुखणे आजचेही नाही. माणगावजवळच्या मोर्ब्याची आणि आसपासची कितीतरी माणसे शंभर वर्षांपूर्वी केपटाऊनला दुकानांत, कारखान्यांत राबत होती. दक्षिण आफ्रिकेच्या १९१३ च्या कायद्याने नव्या हिंदी माणसाला बंदी झाली. आधीच स्थायिक असलेल्याला फक्त बायको आणि सोळा वर्षांखालची मुले आणता येत. मग बंदरावर पोराला उभे करून हा खरेच सोळाच्या आत आहे का, खरेच ह्याचाच आहे का, असा शोध चाले. डॉक्टर अंगाकडे पाहून वय ठरवीत. १९२७ च्या केपटाऊन करारानंतर मुलाने आईबरोबरच यावे अशी अट आली. १९५३ मध्ये बायका-मुलांचीही वाट बंद केली. बाप तिकडे म्हातारा झाला, पोर इकडे, आणि मधल्या काळात दोघांची गाठ पत्रांतून. आपल्या आजींच्या पेटीत अशी पत्रे सापडतात, ती आपण 'जुना काळ' म्हणून हसून बाजूला ठेवतो.

आता आपल्या देशाकडे वळतो, कारण गोऱ्याला शिव्या देणे सोपे असते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात १० डिसेंबर १९९२ पर्यंत परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीयत्व द्यायचे ते फक्त बापाने. मुरूडची मुलगी मोंबासाला दिली, तिने आपला भारतीय पासपोर्ट जिवापाड जपला, तरी १९८५ साली तिकडे झालेले तिचे पोर भारतीय नव्हे. आईचे दूध चालले, आईचे रक्त चालले नाही. ३ डिसेंबर २००४ पासून दुसरी अट आली. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत करायची, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे आईबापांनी लिहून द्यायचे. वर्ष उलटले की केंद्र सरकारची परवानगी. आळस बापाचा, आणि शिक्षा ज्याला अजून धड चालताही येत नाही त्याला.

आणि बापाने दुसरे नागरिकत्व घेतले तर? कायद्यात दोन वाटा आहेत. बापाने आधी रीतसर घोषणा करून भारतीयत्व सोडले, तर आठव्या कलमाप्रमाणे अज्ञान मुलाचेही जाते, पण सज्ञान झाल्यावर वर्षभरात ते मूल ते परत मागू शकते. बापाने अशी घोषणा न करता दुसरे नागरिकत्व घेतले, तर नवव्या कलमाने त्याचे भारतीयत्व आपोआप संपते, आणि मग मुलाला ती परतीची सोय नाही. हा फरक किती जीवघेणा आहे ते १८ ऑक्टोबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात दिसले. आईबापांनी डिसेंबर १९९८ मध्ये सिंगापूरचे नागरिकत्व घेतले तेव्हा तो मुलगा पोटात होता. १९९९ च्या मार्चमध्ये जन्मला. मोठा झाल्यावर त्याने भारतीयत्व मागितले, मद्रास उच्च न्यायालयाने दिले, सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतले. आईबापांचे नागरिकत्व नवव्या कलमाने गेले, तेव्हा आठव्याचा फायदा नाही. कायद्याच्या अक्षराप्रमाणे न्यायाधीश चुकले असे मी म्हणत नाही. चूक अक्षराची आहे. कोणता फॉर्म भरला गेला ह्यावर पोटातल्या जिवाचा देश ठरत असेल, तर ते अक्षर बदलायला हवे.

हा मुलगा मुसलमान नव्हता, हेही मुद्दाम सांगतो. हा अन्याय फक्त आपलाच आहे असे समजून रडणाऱ्यांसाठी.

पण एक कलम असे आहे की ते आपल्याच दारात येऊन उभे राहते. ओसीआय कार्डाच्या नियमाप्रमाणे स्वतः, आईबाप, आजा-आजी किंवा पणजा-पणजी ह्यांपैकी कोणीही कधी पाकिस्तानचा वा बांगलादेशाचा नागरिक असेल, तर कार्ड नाही. कराचीत आजही कोकणी मुसलमानांची वस्ती आहे. बंदराच्या कामाला मुंबईत जावे तसे आपले लोक फाळणीच्या आधीपासून कराचीला जात. त्यातला एखादा आजा तिथेच अडकला, त्याचा मुलगा विलायतेत गेला, नातू बर्मिंगहॅममध्ये जन्मला, तर त्या नातवाला मुरूडच्या कबरस्तानात पणजोबांच्या कबरीवर फातेहा पढायचा असेल तरी व्हिसाच्या रांगेत उभे राहायचे. दोन पिढ्यांपूर्वीचा गुन्हा तरी कसला? चुकीच्या बंदरात नोकरी! आणि ह्याच संसदेने २०१९ मध्ये पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी दार उघडताना आपला धर्म तेवढा यादीतून वगळला. पोराच्या कागदात बापाचा शिक्का पाहायचा, बापाच्या कागदात त्याचा मजहब. हे दोन्ही एकाच मनाचे खेळ आहेत.

सरकारला इतके सुनावल्यावर घरच्यांनाही सोडणार नाही. आपल्याकडे पोर जन्मले की अकीका थाटात होतो, ग्रामपंचायतीत नोंद मात्र 'करू पुढच्या सुट्टीत'. मग शाळेत मास्तर १ जून लिहितात. अशा घरातल्या पाच भावंडांचे वाढदिवस एकाच दिवशी आलेले पाहून परदेशातला अधिकारी खोटेपणाचा वास घेतो, आणि त्याचे फारसे चुकत नाही. आडनाव एका कागदावर गावाचे, दुसऱ्यावर खानदानाचे. मधला एजंट पैसे घेऊन नवी चूक जोडतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मुलाचे कागद आधी, मुलीचे नंतर. "तिचे काय, निकाह झाला की नवरा बघेल." नवरा बघेपर्यंत ती अठराची होते आणि विलायतेचा तो दरवाजा तिच्यासाठी कायमचा बंद होतो. भाऊ बापाजवळ लंडनला, ती मुरूडला आजीचे पाय दाबत. तिला कोणत्याही सरकारने अडवले नव्हते, अडवले अब्बांनी.

म्हणून मागणी दोन्हीकडे करायची आहे. आठव्या कलमातली परतीची सोय नवव्या कलमाखाली आलेल्या मुलांनाही मिळावी, आणि वकिलातीतली एक वर्षाची मुदत मूल स्वतः सज्ञान होईपर्यंत वाढवावी. आपल्या भागातल्या आमदार-खासदारांना मते मागायला येतात तेव्हा हे विचारा, नुसता जेट्टीचा रस्ता मागू नका. आणि जमातीत निकाहाचे रजिस्टर आहे, कबरस्तानाचा हिशेब आहे, जन्माची वही नाही. ती ह्या ईदपासून सुरू करा. पंचायतीचा दाखला मिळाला की नाही, नाव कागदाकागदावर एकच आहे की नाही, ते तिच्यात लिहा, आणि आधी घरातल्या मुलींचे लिहा.