दत्तक नामंजूर!

डलहौसीने १८४८ साली सातारा खालसा केला तेव्हा कारण दिलं होतं, दत्तक नामंजूर. सहा वर्षांनी झाशीलाही तेच. शाळेत हे वाचताना आपलं रक्त उसळायचं. आता दुबई-शारजातली आपली मंडळी तोच आरोप इथल्या सरकारवर करतात. "इथे दत्तक मानतच नाहीत हो!" कुणाच्या घरी चहाला गेलं की वर्षातून दोनदा तरी हे ऐकावं लागतं.

अर्धं खरं आहे. शरियतमध्ये मुलाचं पितृत्व बदलता येत नाही. अनाथाला सांभाळता येतं, त्याला कफाला म्हणतात, पण मूल स्वतःच्या बापाचं नाव गमावत नाही. हा झाला इथला कायदा. पण व्हिसाच्या खिडकीवर आपल्याकडे मागतात ते आपल्याच देशाचे कागद, शिक्के मारलेले. आणि ते कागद आपल्याच कायद्यात टिकत नसतील तर डलहौसीला शिव्या देऊन काय उपयोग?

मी इंजिनियर माणूस, वकील नव्हे. पण पुलावर वजन टाकण्याआधी तो कशावर उभा आहे ते बघायची सवय आहे. बघा, आपली रीत काय? भाऊ गेला, वहिनी एकटी, पुतण्या दहा वर्षांचा. मग सुट्टीत गावी जायचं, भटजी बोलवायचे, स्टॅम्पपेपरवर सह्या, तालुक्याला रजिस्ट्रेशन, झालं दत्तक. आता १९५६ चा हिंदू दत्तक कायदा उघडा. तुम्हाला स्वतःचा मुलगा हयात असेल तर त्या कायद्याने दुसरा मुलगा दत्तक घेताच येत नाही. मुलगी असेल तर दुसरी मुलगी नाही. मूल पंधराच्या आतलं हवं (रूढी असेल तर गोष्ट वेगळी). बाईने मुलगा किंवा पुरुषाने मुलगी घ्यायची तर वयात २१ वर्षांचं अंतर हवं. होम केला नाही तरी चालतं, पण ह्या अटी मोडल्या तर दहा होम करूनही चालत नाही!

अशा वेळी २०१५ च्या बाल न्याय कायद्याचा रस्ता आहे. काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा ह्यांना तो नातेवाईक म्हणून मोकळा आहे, धर्म कुठलाही असो. परदेशात राहत असाल तर जिल्हाधिकाऱ्याचा आदेश (सप्टेंबर २०२२ पर्यंत हे काम कोर्टाकडे होतं) आणि दिल्लीच्या 'कारा'चं ना-हरकत प्रमाणपत्र. २०२१ पासून हिंदू कायद्याने घेतलेलं मूल परदेशी न्यायचं असेल तरी 'कारा'ला टाळता येत नाही.

ह्यावर ठरलेला प्रश्न येतो: "सख्ख्या पुतण्याला सांभाळायला कलेक्टरची परवानगी कशाला?" मी म्हणतो, हवीच. गावाकडची पोर 'पुतणी' म्हणून आणायची आणि इथे तिने बाळ सांभाळायचं, भांडी घासायची, हे कधी कानावर आलंच नाही असं छातीवर हात ठेवून सांगा. स्टॅम्पपेपरवर मुलाची सही नसते. भटजी त्याला काही विचारत नाहीत. त्या चौकशीत निदान एक परका माणूस पोराकडे बघतो.

दुसरा प्रकार मला जास्त खटकतो: फक्त व्हिसासाठी, शाळेसाठी दत्तक. "नंतर रद्द करू की!" रद्द होत नाही. १९५६ च्या कायद्यात वैध दत्तक मोडताच येत नाही. मुलाचं जन्मघराशी कायद्याचं नातं तुटतं. आई जिवंत असून ती कागदावर आई राहत नाही. चार वर्षांच्या शाळेसाठी आयुष्यभराचं नातं कापायचं? नुसतं सांभाळायचंच असेल तर १८९० चा पालकत्वाचा कायदा आहे, जिल्हा न्यायालय पालक नेमतं आणि आई आईच राहते. कफाल्याला नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मुलाचं मूळ नाव न पुसता त्याला जेवू घालणं ही कल्पना आपल्यालाही परकी नाही.

आता ज्यांची बाजू खरोखर घ्यायला हवी त्यांच्याबद्दल. घटस्फोटित बाई पुन्हा लग्न करून मुलासकट इथे येते. सावत्र मुलाला इथे व्हिसा मिळतो, पण एका वर्षाचा, अनामत रक्कम भरून आणि जन्मदात्या बापाच्या लेखी ना-हरकतीवर. ज्या बापाने कधी शाळेची फी भरली नाही, त्याच्या हातात तिचा संसार अडवायची किल्ली! दत्तक घ्यायचं म्हटलं तरी तो हयात असेल तर संमतीचा प्रश्न येतोच. बापाचा हक्क मला मान्य आहे. पण हक्काबरोबर जबाबदारी का मोजत नाहीत? वर्षानुवर्षं पोटगी न देणाऱ्याच्या सहीला पोटगी देणाऱ्याच्या सहीएवढंच वजन का? हा प्रश्न मुंबई-दिल्लीला विचारायचा आहे, अबूधाबीला नाही.

तोवर आपण एवढं करू शकतो. पुतण्याला आणायचं असेल तर तिकीट काढण्याआधी कागद करा. आणि कागद करण्याआधी एकदा त्या पोरालाच विचारा, "येतोस का रे?"